रिकामी गाडी उडते

मित्रांनो, धामणखेडच्या लिंबाखाली हिरवा रंग उडालेली एक गाडी उभी आहे. पुढे लांब नाक, मागे उघडा हौदा. ती मी. माझी चाकं आता मातीत रुतली आहेत. एका दिव्याच्या खोबणीत गांधीलमाश्या राहतात, तेवढं जपून या.

मला लढाईसाठी घडवलं होतं. लढाई संपली आणि मी लिलावात निघाले. दोनचार मालक बघून चिखलीला आले. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा तिथून उकंडरावांनी मला घरी आणलं. त्यांच्या मळ्यात कांदे, वांगी, मिरच्या व्हायच्या. बाजार बुलढाण्याला, घाटावर. गाव घाटाखाली. मधला रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मग गोट्यांनी भरलेला नाला, मग चढण. पावसाळ्यात काळ्या मातीत बैल पोटापर्यंत रुतायचे. मी मात्र चाकांना साखळदंड बांधून, धूर ओकत, निघायचेच.

माझी खरी ताकद माझ्या पाट्यांत होती. चाकांवर जे लोखंडी पाटे असतात ना, ज्यांवर गाडी तोललेली असते, ते. माझे लढाईच्या मापाचे, जाड. वजन असलं की ते वाकतात आणि मी म्हशीसारखी डुलत जाते. रिकामी असले की वाकतच नाहीत. मग दगडादगडाला मी उडते. पण गाडीला हे कोण विचारतं?

लोक माझ्या नाकावर थाप मारायचे. "हे गाडी नाही बे, रेडा आहे," म्हणायचे. एकदा रस्ता मागायला गाव कचेरीत गेलं, तर तिथले साहेब म्हणाले, "गाडी येते की तुमच्या गावाला. मग घाई कसली?" सगळे माना डोलावून परत आले. मलाही तेव्हा ते कौतुकच वाटलं.

एका चैत्रात उकंडरावांची लेक शकुंतला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लहानपणी ती माझ्या पायरीवर बसून कैऱ्या खायची आणि मीठ सांडायची. एका पहाटे जनकाबाई सुईण घरातून बाहेर आली, पदराला हात पुसत.

"उकंडराव, लेकरू आडवं आहे. माह्यानं होत नाही. बुलढाण्याले न्या पोरीले."

मी बाजारासाठी कांद्याने भरून उभी होते. उकंडराव धाकट्या भावावर, शालिग्रामवर, ओरडले, "पोते उतरव सारे. पोरीले पाय लांब करता आले पाहिजेत."

"दोनचार राहू द्या दादा, टेकायले."

"एकही नको. मोकळी जागा कर तिले."

त्यांनी हौदा झाडून घेतला. दोन गाद्या घातल्या, वर तिच्या आईने, सोजराबाईंनी, लग्नातली गोधडी अंथरली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन त्या बसल्या. मायेने जेवढं करता येतं तेवढं त्या माणसांनी केलं. मित्रांनो, मी रिकामी झाले होते.

चाकोऱ्यांत मी आपटू लागले. उकंडराव हळू चालवत होते, तरी मी उडत होते. मागून सोजराबाई म्हणत होत्या, "हळू हो, हळू. लई गचके बसून राह्यले पोरीले." शकुंतला आधी कण्हत होती. नाल्यात ती फक्त एकदा म्हणाली, "माय, अजून किती आहे वं?" चढणीवर तिचा आवाज आला नाही.

दवाखान्यात मुलगी जन्मली. जगली. शकुंतला गेली. डॉक्टरीणबाई एवढंच बोलल्या, "वाटेत फार हादरे बसले हो. रक्त थांबलं नाही."

उकंडराव माझ्यापाशी येऊन उभे राहिले. समोरच्या हॉटेलातला एक माणूस चहाचा पेला घेऊन आला, वाकून माझ्याखाली बघू लागला. त्याला काही माहीत नव्हतं. "त्या नाल्यातून आणली? अन् एक पाटा तुटला नाही. वा रे गाडी."

तो खरंच बोलत होता. माझं काही तुटलं नव्हतं.

तेरावं झालं. कांदा सडायला लागला होता, म्हणून पुन्हा मला भरलं. त्याच नाल्यात शालिग्राम सहज बोलून गेले, "दादा, भरली असली का कशी मऊ चालते, नाही?"

उकंडरावांनी तिथेच मला थांबवलं. वळून मागच्या भरल्या पोत्यांकडे बघितलं. शालिग्रामना आपण काय बोललो ते कळलं, तसे ते खाली उतरून दूर जाऊन उभे राहिले. बाजाराहून परतताना उकंडरावांनी नाल्यातली रेती रिकाम्या पोत्यांत भरली, एकट्याने. भावाला हात लावू दिला नाही.

तेव्हापासून आजारी माणूस न्यायचा तर आधी हौद्यात रेतीची पोती, मग गादी, मग माणूस. नवखे हसायचे, "पेशंट नेऊन राह्यले का रेती इकून राह्यले?" उकंडराव आणखी एक पोतं चढवायचे. त्या रेतीवर पडून कितीतरी बाया घाट चढल्या आणि लेकरू घेऊन उतरल्या. शकुंतला त्यांच्यात नव्हती.

मग माझं इंजिन बसलं. रस्ता व्हायचा तो अजून होतोच आहे. पोती कुजून फाटली आणि रेती हौदाभर पसरली. शकुंतलेची सुलभा आता शाळेत जाते. ती दुपारी येऊन त्या रेतीत घरं करते. परवा तिने विचारलं, "आबा, गाडी तं चालत नाही. मंग रेती काऊन ठेवली?"

उकंडराव तिच्या केसांतली रेती झाडत राहिले. "रिकामी गाडी उडते, बाई," म्हणाले.

मित्रांनो, एखाद्याच्या मजबुतीची वाहवा कराल तेव्हा त्याच्या मागे कोण बसलं आहे तेही एकदा वळून बघा. आणि माझ्याकडे खेळायला खुशाल या. रेती मात्र सांडू नका.