गवत वाजलं पाहिजे

आबांनी वाळत्या गवताची मूठ उचलली, दोन्ही हातांनी पिळली आणि कानाशी धरली. माळावरची सहा माणसं गवत ओढायची दाताळी टेकवून गप्प उभी राहिली.

"वाजतंय," आबा म्हणाले. "रचा."

चाळीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. वाळलेलं गवत पिळलं की चरचरतं. ओल असली की दोरीसारखं मुकाट वळतं. आणि तसंच रचलं की गंजी आतून तापते, काळी पडते, मग जनावरं तोंडसुद्धा लावत नाहीत. आबांची एकही गंजी आजवर तापली नव्हती. गंजी रचावी तर आबांनीच, असं कोणी म्हटलं की धाकट्या लेकीचीच मान ताठ व्हायची, जणू काही हिनेच रचली होती!

तिने सवयीने एक मूठ पिळली. आवाज नाही. पलीकडच्या ओळीतली पिळली. तीही गप्प. काडीचं पेर दाबलं तर बोटाला गार लागलं.

"आबा, दोर आणू का?" मागून तिच्या दादाने विचारलं.

आबांनी वळूनही पाहिलं नाही. दादाने पुन्हा विचारलं, तरी नाही. सकाळपासून असं कितीदा झालं होतं ते तिला आत्ता आठवलं.

"आज नको रचायला," ती म्हणाली.

"आभाळ बघ जरा!" दादा भडकला. "आबा रचा म्हणतात आणि ही शहाणी नको म्हणते. भिजलं तर वर्षभर जनावरांपुढे काय, तुझं शहाणपण टाकू?"

"भिजलं तर मला बोल लाव. आत्ता फक्त एकदा उलथू, खालची बाजू वाळू दे."

खरं कारण सांगितलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. पण सहा माणसांदेखत ते तिच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. ती सरळ आबांपाशी गेली, त्यांच्या हातात एक काडी दिली आणि त्यांचा अंगठा पेरावर दाबून धरला. आबांनी पेर पुन्हा एकदा स्वतः दाबून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"उलथा," ते म्हणाले आणि झाडाखाली जाऊन बसले.

संध्याकाळी ढग गडगडले. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. पण चार थेंब टाकून ढग पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चांगलं कडक ऊन पडलं.

दुपारी सगळे पुन्हा माळावर जमले. आबांनी मूठ उचलली, पिळली. हात कानाकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. मग त्यांनी तो सावकाश तिच्या कानाशी नेला.

सहाही माणसं बघत होती. दादासुद्धा.

"काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

गवत छान चरचरत होतं. आबांची नजर तिच्या ओठांवर होती.

"रचा," ती कशीबशी म्हणाली.

कोणी जागचं हललं नाही. तसे आबा गर्रकन वळले आणि माळ दणाणेल अशा आवाजात ओरडले,

"बहिरे झालात की काय सगळे? माझी लेक रचा म्हणतेय!"