चिखलाची अर्धी गोष्ट

साहेब, माझ्या बहिणीचा अंगठा तुमच्या अर्धवट बोलण्यानं गेला.

लोणारच्या शाळेत माईक धरून तुम्ही आम्हा गावकऱ्यांना तुमच्या संशोधनाबद्दल मराठीत सांगितलं, की सरोवराच्या खाऱ्या चिखलात असे जिवाणू आहेत, ज्यांच्यापासून न भरणाऱ्या जखमांवर औषध निघू शकतं. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या मोठ्या बहिणीनं, जयमालाबाईनं वाजवल्या. शुगरमुळं तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तिनं डबाभर चिखल आणून पायाला लेप दिला.

"बाई, आधी दवाखान्यात दाखव," मी म्हणालो.

"काऊन? इतका मोठा साहेब खोटं बोलला का बे? आन् तुह्या खरजेले मायनं हाच चिखल लावला होता. मेला का तू?"

आठ दिवसांत अंगठा काळा पडला. बुलढाण्याला नेलं, तेव्हा तो कापावाच लागला.

मग मी या जिवाणूंवरचा तुमचा लेख मिळवला. डिक्शनरी घेऊन तीन दिवस वाचला. जिवाणू चिखलातून वेगळे काढले होते, प्रयोग काचेच्या बशीत झाला होता, माणसावर अजून झालेलाच नाही. कच्च्या चिखलात जखम सडवणारे जंतूही असतात, हेसुद्धा तुम्ही लिहिलंय. पण इंग्रजीत.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा जयमालाबाई पट्टी बांधलेल्या पायाकडं बघत म्हणाली, "मंग चिखल लावू नका, एवढं त्यायले शाळेत काऊन नाही सांगता आलं?"

मी तिला काय सांगू? उत्तर द्या साहेब, आणि मराठीत द्या.