दुसरा ग

खडू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती खडू खायची म्हणून बाबांनी ते ठेवलं, आणि पुढे कॉलेज संपलं तरी चिकटून राहिलं. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आधी खडूने अक्षरं आखायची, मग रंग भरायचा, त्यामुळे त्यांच्या खिशात खडू असायचाच. पोरीच्या ओठांना पांढरं दिसलं की आई म्हणायची, "बाप आखतो, लेक गिळते. बरकत कुठून येणार?"

आईबाबांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, पण भांडण झालं की अबोला आठवडा आठवडा चालायचा. बोलायचं नाही म्हणून संसार थोडाच थांबतो? गॅस संपतो, नळ गळतो. शेवटी बाबांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार काळं रंगवलं आणि त्यावर लिहायला सुरुवात केली. तेही साधंसुधं नाही. पाटीवरच्यासारखं ठसठशीत, वळणदार. 'गॅस सांगितला आहे.' 'माझी छत्री कुठे आहे?' आई खाली बारीक अक्षरात उत्तर लिहायची, आणि राग ओसरला की नुसतं 'बरं' लिहायची. त्या 'बरं'ला घरात फार मान होता. ते उमटलं की ओल्या फडक्याने दार पुसायचं आणि दोघांनी चहा घ्यायचा, असा नेम होता.

शेवटचा अबोला एका ग्लासावरून झाला. आईच्या चांगल्या काचेच्या ग्लासात बाबांनी टर्पेंटाइन ओतून ब्रश बुडवून ठेवले होते. दुसऱ्या सकाळी दारावर 'संध्याकाळी लवकर येतो' असं लिहून ते कामावर गेले, आणि दुपारी एका औषधाच्या दुकानासमोर, शिडीच्या पायथ्याशी, जरा टेकले ते टेकलेच.

आईने दार पुसू दिलं नाही. खाली काही लिहिलंही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे माणूस गेला तरी अबोला गेला नाही. संध्याकाळ झाली की आई जिन्याकडचं दार उघडं टाकून बसायची आणि ताटं तीन वाढायची. थोरली बहीण लग्न होऊन लांब राहत होती. तिला फोनवर हे सांगणं खडूच्या जिवावर यायचं, म्हणून ती हवापाण्याचं बोलून फोन ठेवायची.

या सगळ्यात खडू कॉम्प्युटरवर फॉन्टची अक्षरं करायला शिकत होती. पुस्तकातली बारीक नव्हेत. पाट्यांची, पोस्टरांची, रस्त्यापलीकडून नजरेत भरणारी. शिकवणाऱ्या बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. खडूची पहिली अक्षरं पाहून त्या म्हणाल्या, "छान आहेत, गुळगुळीत आहेत. पण कुणाची आहेत ही? यांना आईबाप आहेत की नाहीत?" दुसऱ्या दिवशी खडूने कपाटाच्या दाराचा फोटो नेला. बाईंनी तो जवळ धरून एकेक अक्षर पाहिलं. मग म्हणाल्या, "हे कर."

दारावरची अक्षरं मोजकीच, म्हणून खडू गावभर हिंडून बाबांच्या पाट्यांचे फोटो काढत सुटली. स्क्रीनवर फोटो फिकट करून खाली ठेवायचा आणि त्यावर आपली रेषा ओढायची, अशी पद्धत. ग तिला सगळ्यात जड गेला. बाबांच्या 'ग'ची गाठ कधी जाड असायची तर कधी सैल, काना कधी ताठ तर कधी जरा रेललेला. त्यातून तिने एक निवडला. काम करताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. ती वळून बघायची नाही. वळलं आणि कुणी नसलं तर काय, याची भीती जास्त होती.

मोठ्या अक्षराची परीक्षा लांबूनच होते. घरात लांबलचक म्हणावी अशी जागा एकच, जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंतचा बोळ. खडू तिथे कागद चिकटवायची आणि दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघायची. शब्दांना अर्थ नसायचा. बाईंनी वळणं तपासायला दिलेले शब्द ते: गवत, मगर, पाणी.

एका संध्याकाळी ती घरी आली तर 'पाणी'च्या खाली स्टुलावर काचेचा ग्लास भरून ठेवलेला. तोच ग्लास. कितीदा घासला तरी त्याला अजून टर्पेंटाइनचा वास येत होता.

"आई, हे काय?"

"मागितलंय ना त्यांनी," आई म्हणाली. "गवत कशाला हवंय ते मात्र कळलं नाही."

खडूला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण आई हसत नव्हती.

मग एक दिवस आई तिच्या टेबलाशी घुटमळायला लागली. धूळ नसलेल्या जागा पुसून झाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी सवय. शेवटी म्हणाली, "या अक्षरांत काहीही लिहिता येतं?"

"येतं."

"ह्यांनी कधी न लिहिलेलंसुद्धा?"

"हो."

"मग 'राग गेला' एवढंच काढून दे. मोठं."

नाही म्हणायला हवं होतं हे खडूला कळत होतं. पण आईने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिने छापून बोळात लावलं. आई लांबून बघत राहिली, मग हळूहळू जवळ आली. पहिल्या 'ग'वर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"हे ह्यांचं नाही. ह्यांचे दोन ग कधी सारखे आले नाहीत."

"फॉन्टमध्ये तसंच असतं. एकदा केला की तोच सगळीकडे येतो."

"मग दुसरा कर," आई म्हणाली, आणखी एक चमचा साखर मागावी इतक्या सहज.

बाईंचंही तेच म्हणणं पडलं. हाताच्या वळणाचा फॉन्ट आहे, तर एका अक्षराची दोन-तीन रूपं कर, मशीन आपोआप आलटून पालटून वापरेल. "मग कुणाच्या बापाला कळणार नाही," असं बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

दुसरा ग एका बैठकीत झाला. खाली फोटो ठेवायचीही गरज पडली नाही. हात आपला चालत गेला आणि गाठ सुटावी तशी सुटली. खडूने 'राग गेला' लिहून पाहिलं. बाबा. शंका घ्यायला जागाच नव्हती. तिने लिहिलं, 'मी आलो.' लिहिलं, 'ताट वाढ.' बाबा ते सगळं मुकाट्याने म्हणत होते. जिवंतपणी हट्टाला पेटले की कुणाचं न ऐकणारे बाबा आता ती म्हणेल ते म्हणणार होते, जन्मभर. आईला हे दाखवलं की ती बोळातच राहायला जाईल, आणि मग तिला तिथून कुणी परत आणू शकणार नाही. खडू ओंजळीत तोंड लपवून रडली. तिने केलेलं ते सगळ्यात चांगलं अक्षर होतं. तिने ते पुसून टाकलं.

"झाला का गं दुसरा?" आईने सकाळी विचारलं.

"नाही जमला."

"परत बघ ना करून."

"नाही जमणार, आई. तो बाबांनाच यायचा."

आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "हो. आणि ते तर गेले." असं ती पहिल्यांदाच म्हणाली. उठून स्वयंपाकघरात गेली, डब्यामागून खडूचा तुकडा काढला आणि 'संध्याकाळी लवकर येतो'च्या खाली लिहिलं, 'बरं'. लिहायला तिला वेळ लागला.

"फडकं ओलं करून आण," ती म्हणाली.

खडूने आणलं. आईने दार वरपासून खालपर्यंत पुसलं आणि चहाला आधण ठेवलं. कप दोनच घेतले. ग एकच ठेवला म्हणून पुढे बाईंनी खडूला सगळ्यांदेखत आळशी म्हटलं, तेव्हाही ती गप्प राहिली.

चहा होईपर्यंत दार वाळलं. वाळलं तशी अक्षरं पुन्हा फिकट वर आली, खडूची येतात तशी. वर बाबांची ओळ, खाली आईचं 'बरं'. आईने कपावरून तिकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत फडकं मागितलं नाही.