खाडीतल्या मशिदीची पश्चिमेची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी मशीद आहे. कळव्याजवळ खाडीत एक लहानसे बेट आहे, त्यावर मी उभी आहे. भोवती मिठागरे आहेत. चाळीस माणसे नमाजाला उभी राहिली की मी भरते.

माझा काळा दगड पारसिकच्या डोंगरातला. छप्पर घातले ते गलबते बांधणाऱ्या सुतारांनी. त्यांना घराची छपरे येत नव्हती, म्हणून त्यांनी जणू सागाचे एक गलबतच पालथे घातले. दोनशे वर्षे खारा वारा सोसूनही त्याचा एक सांधा हललेला नाही. त्या हातांचे मला आजही कौतुक वाटते.

एकोणीसशे एक्कावन्न साली मिठागरावरच्या काळुरामने हौसेने सिमेंट आणले. बांग देणारे दाऊदचाचा त्याचे जुने सोबती. दोघांनी माझ्या पश्चिमेच्या भिंतीचा चुना खरवडून तिथे सिमेंटचा गिलावा करवला. भिंत गुळगुळीत झाली. सगळे खूश झाले.

दोन वर्षांत भिंत घामेजली. जोत्यातून चढणाऱ्या खाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. आत मीठ धरले, दगडाचा भुगा होऊ लागला. गवंडी त्र्यंबक म्हणाला, “चाचा, ही पाडा. विटांची बांधू.”

नमाजाची दिशा दाखवणारी कोरीव मेहराब त्याच भिंतीत होती. दाऊदचाचा ती पाडायला तयार होईनात.

काळुरामची बायको ठमाबाई पुढे आली. तिच्या माहेरी शिंपल्या भाजून चुना करत. तिने बोटाने भिंत वाजवून पाहिली.

“दगड मेला नाय. तुमी त्याला कोंडलाय. सिमिट काडा.”

“काकी, आता गवंडीकाम पण तुम्हीच करणार का?” त्र्यंबक हसला.

“तुजी थापी चालते रे, नजर नाय चालत!”

“माजंच चुकलं गो,” काळुराम पुटपुटला.

“मंग बसलायस काय? छिन्नी घे.”

सिमेंट निघाले. त्याबरोबर मेहराबीची थोडी नक्षीही गेली, ती कायमची. सारा उन्हाळा भिंत उघडी होती. रोज सकाळी तिच्यावर मीठ फुलायचे आणि ठमाबाई केरसुणीने ते झाडायची. चैत्रात सूपभर निघाले, वैशाख सरताना चिमूटभर. मग ओलाव्याला बाहेर पडू देणारा शिंपल्यांचा चुना चढला आणि मी वाचले.

ठमाबाई चार वर्षांनी गेली. त्यानंतर काळुराम एकटाच यायचा. भिंतीवर तळवा टेकायचा, “कोरडी हाय गो,” म्हणायचा आणि होडीकडे वळायचा.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वास्तूला हौसेने काही द्याल, तेव्हा आधी असाच हात लावून पाहा. तिला काय सोसते ते तिथेच कळते.