न्वाम्बेच्या पाणवठ्यावरचा गेंडा

कुणी गेंड्याचं नाव काढलं की माझे कान टवकारतात. फालाबोरवात राहणाऱ्या कुणाचेही टवकारतील. जंगली जनावरांच्या राखीव पार्कचं फाटक आमच्या घरापासून गाडीने चार मिनिटांवर आहे. सिंह कुठे दिसला, बिबट्या कुठल्या झाडावर होता, हे इथे लोक दुकानाच्या रांगेत ओरडून सांगतात. गेंड्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. पार्कातल्या मुक्कामाच्या छावणीतल्या फळ्यावर सगळ्या जनावरांच्या रंगीत टिकल्या लागतात, गेंड्याची लागत नाही. त्याची जागा विचारणारा कधी नुसता हौशी असतो आणि कधी त्याच्या मागे शिंगासाठी आलेले बंदूकवाले असतात. कोण कोणता, हे तोंडावर लिहिलेलं नसतं.

आणि आमचा होणारा जावई पहिल्याच रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून विचारतो, "मावशी, तुम्हाला गेंडे कुठे दिसतात हो?"

"नशिबात असेल तिथे," मी म्हटलं आणि मक्याचा घाटा ढवळत राहिले.

खाझामुला त्याचं नाव. न्येलेतीने, माझ्या एकुलत्या एका लेकीने, त्याला शोधून आणलं होतं. ऑक्टोबरात त्याचे काका रीतसर मागणी घालायला येणार होते. न्येलेती एकतीस वर्षांची आहे, दवाखान्यात परिचारिका आहे. आधीचे दोन मुलगे मी पळवून लावले असं ती म्हणते. खोटं आहे, ते आपल्या पायांनी गेले. पण या वेळी तिने आधीच बजावलं होतं, "आई, हा गेला तर मी पुन्हा कुणाला घरी आणणार नाही." ती एकदा बोलली की बोलली. त्यामुळे मी जीभ दाताखाली धरून होते.

पण गप्प तरी किती बसायचं? मुलगा विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतो म्हणे. एवढ्यावर इतकी चकचकीत चार दारांची गाडी येते? बापाचा पाय अधू आहे, का ते विचारलं तर म्हणतो, "अपघात." कसला अपघात, कुठे, काही नाही. घरात आला की नजर सगळीकडे फिरते. माझ्या फडताळातल्या बरण्यासुद्धा मोजल्यासारख्या बघतो.

"अगं, त्याचं कामच आहे बघायचं," आमचे हे म्हणाले. हे म्हणजे हासानी, खाणीत चाळीस वर्षं अजस्र ट्रक चालवून आता निवृत्त. यांना जगात कुणाचाच संशय येत नाही. म्हणून दोघांच्या वाटचा मलाच घ्यावा लागतो.

दर सप्टेंबरला आम्ही आमची गाडी घेऊन चार दिवस पार्कात जातो. यंदा खाझामुलालाही घ्यायचं मीच सुचवलं. तिथे छावणी आणि ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून पाय खाली टाकता येत नाही. चार दिवस एका पत्र्याच्या डब्यात कोंडून घेतलं की माणसाचं खरं रूप बाहेर येतं. न्येलेतीला वाटलं आईला पाझर फुटला.

जुलैतल्या एका रविवारी टेबलावर यांचा पार्कचा जुना नकाशा पसरला. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्ट्या लावलेला. पहाटे सहाला फाटक उघडतं, पहिल्या दिवशी लेताबाची छावणी, मग दोन रात्री शिंगवेद्झीची, कच्च्या रस्त्यावर चाळीसच्या वर जायचं नाही, लाकडं आतच मिळतात, मांस इथून न्यायचं, असं यांचं प्रवचन चालू होतं. खाझामुला मध्येच म्हणाला, "काका, हे लाल गोल कसले?"

नकाशावर यांनी बावीस वर्षांत लाल पेन्सिलीने तीसेक गोल काढलेत. हे कानापर्यंत लाल झाले. "असंच," म्हणाले आणि सगळ्यात मोठ्या गोलावर चहाचा पेला ठेवला.

यांनी पाठ वळवली तेव्हा खाझामुलाने खिशातून फोन काढला आणि नकाशाचा फोटो घेतला. मी भांडी विसळत होते, खिडकीच्या काचेत मला सगळं दिसलं. लेकीचं लग्न एकीकडे आणि हा चोर एकीकडे. तिला सांगावं तर ती मला म्हणणार, तिसराही पळवलास. मला पुरावा हवा होता.

हे न्येलेतीला घेऊन गाडीची चाकं दाखवायला अंगणात गेले. मी त्याच्यापुढे टोमॅटोत परतलेल्या मोपाने झाडावरच्या अळ्यांची वाटी ठेवली आणि आवाज खाली आणला.

"त्या दिवशी विचारत होतास ना? न्वाम्बेचा पाणवठा. सकाळी साडेसहाला मादी येते, पिल्लू घेऊन. आमच्या यांना सांगू नकोस मी बोलले म्हणून."

त्याचं चावणं थांबलं. माझ्याकडे असं बघितलं की मलाच खाली बघावं लागलं. "बरं," म्हणाला आणि वाटी अर्धी टाकून उठला. माझ्या हातच्या अळ्या टाकून उठणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं, चला, मासा गळाला लागला.

न्वाम्बे आटून चार वर्षं झाली. तिथे गेंडा सोडा, बेडूकही फिरकत नाही. तिकडे कुणाच्या पावलांचे ठसे उमटले तर ते माझ्याच शब्दावरून, आणि मी तो एकालाच सांगितला होता. फाटकावर नोकरीला असलेली माझी मैत्रीण माझ्यापासून असली बातमी लपवणार नाही. मी वाट बघत बसले.

मंगळवारी भर दुपारी पार्कची हिरवी गाडी उभी राहिली, ती आमच्याच दारात. गणवेशातली एक बाई आणि एक पुरुष उतरले. शेजारच्या सगळ्या बायकांना त्याच क्षणी कुंपणापाशी कपडे वाळत घालायचे आठवले.

"या घरातून गेंड्यांच्या जागा सांगितल्या जातात अशी तक्रार आहे," बाई म्हणाली. "खुणा केलेला एक नकाशाही आहे म्हणे. दाखवा."

न्येलेती सकाळपाळी आटोपून नुकतीच आली होती, ती पिशवी खांद्यावर तशीच घेऊन दारात उभी राहिली. यांनी मुकाट्याने नकाशा आणला.

"हे गोल कसले?"

हे माझ्याकडे बघेनात, लेकीकडे बघेनात. "बाई, मला साखरेचा आजार आहे," शेवटी म्हणाले. "दर तासाला जावं लागतं. गाडीतून कुठे उतरायची परवानगी आहे आणि तिथे संडास आहे, ते मांडून ठेवलंय. होणाऱ्या जावयापुढे कसं सांगणार?"

बाईने एकेक गोल तपासला. तिचा चेहरा हलला नाही, पण सोबतचा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आणि न्वाम्बे?" तिने मला विचारलं. "तिथे तर पाणीच नाही."

"म्हणून तर तेच नाव सांगितलं," मी म्हटलं, आणि मग सगळंच सांगावं लागलं. फोटो, अळ्यांची वाटी, सापळा, सगळं, लेकीच्या देखत. बाईने लिहून घेतलं, पुन्हा असली अक्कल चालवू नका म्हणाली आणि निघून गेली.

"तू त्याला सापळा लावलास," न्येलेती म्हणाली.

"आणि त्याने सासूच्या दारात गाडी पाठवली."

"तुझं बरोबर होतं तर त्याचंही बरोबर होतं." तिने तिथेच त्याला फोन लावला.

संध्याकाळी तो आला. बसला नाही. "मावशी, माझे बाबा वनरक्षक होते," म्हणाला. "त्यांच्या पायात गोळी आहे. ज्याच्याबरोबर ते एका ताटात जेवायचे त्यानेच गेंड्यांची जागा शिंगवाल्या चोरांना विकली होती. आम्ही अपघात म्हणतो, कारण घरात त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलंय. तुम्हाला मी गेंड्यांचं विचारलं ते मुद्दाम. आमच्या घरी नवीन माणसाला हे विचारतातच. पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं नाहीत तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मग ते गोल पाहिले, आणि मग तुम्ही न विचारता सांगितलंत. दोन रात्री झोपलो नाही. पण फोन केला."

मी खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली.

"सप्टेंबरला जायचं," न्येलेती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "तुम्ही दोघं पुढे, शेजारी शेजारी. मी आणि बाबा मागे. परत येईपर्यंत तुमचं पटलं नाही तर त्याच्या काकांना मी स्वतः कळवीन की येऊ नका. मग माझ्या लग्नाचा विषय या घरात संपला."

गेलो. फाटकापाशीच मी म्हटलं, "तुझा फोन कप्प्यात टाक." तो म्हणाला, "तुमचाही." टाकला. दोन दिवस आम्ही रस्ता आणि हत्तींचं शेण सोडून दुसरं काही बोललो नाही. मागे न्येलेती खिडकीबाहेर बघत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला, कुठल्या रस्त्यावर ते सांगत नाही, झुडपातून मादी बाहेर आली. मागून पिल्लू. गाडीपासून दहा पावलांवर उभी राहून तिने नाकपुड्या फुगवल्या. खाझामुलाने इंजिन बंद केलं. त्याचे डोळे भरले होते. हे नाटक असतं तर मला कळलं असतं. मी हळूच माझा रुमाल त्याच्या मांडीवर ठेवला.

छावणीत निखाऱ्यावर मांस ठेवलं होतं तेव्हा पलीकडच्या खोलीतला खाकी अर्ध्या चड्डीतला म्हातारा पेला घेऊन आला. हवापाण्याचं बोलला. मग सहज म्हणाला, "तुम्ही बराच वेळ लावलात यायला. काही खास दिसलं? गेंडा वगैरे?"

"झेब्रे," खाझामुला म्हणाला.

"नुसते झेब्रे," मी म्हटलं. "डोळे दुखले बघून बघून."

म्हातारा हसला, शुभ संध्याकाळ म्हणून परत गेला. बिचारा नुसता हौशीही असेल. तरी मी उठून त्याच्या गाडीचा नंबर पाहून आले. वळले तर खाझामुला कोळशाच्या तुकड्याने तोच नंबर लाकडांच्या मोळीवरच्या कागदावर लिहून घेत होता.

"शेवटचा आकडा सात आहे," मी म्हटलं. "तू एक लिहिलास."

त्याने सुधारला. मी त्याच्या ताटात अळ्या वाढल्या आणि न्येलेतीला म्हटलं, त्याच्या काकांना कळव, ऑक्टोबरात या.