एफ नाइन कुणाचं?

दाताच्या दवाखान्यात आत खुर्चीशी सून उभी असे आणि बाहेर काउंटरवर सासूबाई. सून दातांची डॉक्टर. सासूबाई पस्तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्यावर घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा इथं बसून माणसांना दटावणं त्यांना बरं वाटलं. पेशंटची नावं लिहायची आणि आतून सून "घ्या!" म्हणाली की कीबोर्डवरचं एफ नाइन दाबायचं, एवढंच काम. ते दाबलं की दाताचा एक्स-रे निघून कॉम्प्युटरवर येई. पाच वर्षांत एकही फोटो हुकला नव्हता.

मग सुनेला आधुनिक व्हायची उबळ आली. तिनं पेशंटना हाक मारणारा एक प्रोग्रॅम त्याच कॉम्प्युटरवर बसवून घेतला. आपलं काम झालं की ती आतलं बटण दाबणार आणि बाहेरच्या स्पीकरमधून एक मधाळ बाई म्हणणार, "पुढील रुग्णाने आत यावे."

पहिल्याच सकाळी खुर्चीत गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. ओठ चिमट्यानं ताणलेला, तोंडाचा आ, हनुवटीवर लाळ. आतून "घ्या!" ऐकू आलं. सासूबाईंनी एफ नाइन दाबलं. फोटो काही आला नाही, पण स्पीकरमधली बाई बोलली. दार उघडून आत गेले ते त्याच शाळेचे कवायतीचे मास्तर. काका वारले म्हणून ते आज रजेवर होते.

"नमस्कार मॅडम," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"आँऽऽ," मॅडम म्हणाल्या. चिमट्यामुळे एवढंच जमलं, पण त्यात मास्तरांना पुढचं सगळं कळलं. त्यांचे काका त्या वर्षी तिसऱ्यांदा वारले होते.

दुपारपर्यंत हाच तमाशा आणखी चारदा झाला. सून बाहेर आली ती हातमोजे ओढतच.

"आई, तुम्ही भलतंच काहीतरी दाबताय."

"मी एफ नाइनच दाबतेय. तूच येऊन दाब."

सुनेनं दाबलं नाही. आत जाऊन तिनं मैत्रिणीला फोन लावला. मधल्या लाकडी भिंतीतून सासूबाईंना शब्दन् शब्द ऐकू आला. "काउंटरसाठी एखादी बाई बघ ना. आईंना आता झेपत नाही गं."

सासूबाईंनी हातातलं पेन वहीवर आपटलं. त्यांना राग आला, आणि रागात त्यांचं डोकं नेहमीच छान चालायचं.

त्यांनी आधी एक्स-रेवाल्या कंपनीला फोन लावला. "एफ नाइन पहिल्यापासून आमचंच आहे, दुसऱ्यांना हलवा," तिथला माणूस म्हणाला. मग हाकवाल्यांना लावला. "आमच्याकडून काही अडचण नाही. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा."

"तुम्ही स्वतः कधी बंद होऊन परत चालू झालात का?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी साधी गोष्ट केली. हाकेचा प्रोग्रॅम बंद करून खुर्ची रिकामी असताना एफ नाइन दाबलं. फोटो निघाला. प्रोग्रॅम चालू करून पुन्हा दाबलं. फोटो गायब, बाई हजर. म्हणजे आतल्या बटणाखेरीज कीबोर्डवरून हाक मारायलाही त्या प्रोग्रॅमनं एफ नाइनच धरलं होतं, आणि एक्स-रेपर्यंत पोचायच्या आधीच ती मधाळ भवानी ते वाटेत गिळत होती.

हाकेच्या प्रोग्रॅममध्ये कळ बदलायची सोय सापडली. आता प्रश्न, कुठली द्यायची? एफ टेन दाबलं तर वरची यादी धाडकन खाली लोंबली. एफ इलेव्हननं चित्र पडदाभर पसरलं. कंट्रोल आणि पी एकदम दाबलं तर कोपऱ्यातला प्रिंटर खडबडून जागा झाला आणि सकाळच्या पेशंटची यादी ओकू लागला. जिकडे हात लावावा तिकडे कुणीतरी आधीच बूड टेकून बसलेलं.

शेवटी उजवीकडे वरच्या बाजूला त्यांना स्क्रोल लॉक दिसलं. टायपिंगच्या आयुष्यात त्यांनी ते एकदाही दाबलं नव्हतं, आणि ते दाबणारा माणूसही त्यांच्या पाहण्यात नव्हता. दाबून बघितलं. कुणाचंच काही बिघडलं नाही.

"बस इथं," त्या म्हणाल्या आणि हाक तिथं नेऊन बसवली.

संध्याकाळच्या पहिल्या पेशंटला सून "घ्या!" म्हणाली, तेव्हा फोटो मुकाट्यानं आला आणि स्पीकर गप्प राहिला. पेशंट गेल्यावर सून बाहेर आली. काय झालं होतं ते सासूबाईंनी तिला दोनदा दाबून दाखवलं.

"म्हणजे तुमची चूक नव्हतीच," सून म्हणाली.

"माझी? पाच वर्षांत कधी होती?"

सून ओशाळली. "आई, मी मैत्रिणीला काउंटरसाठी बाई बघायला सांगितलंय. आत्ताच नको म्हणून कळवते."

"मुळीच कळवू नकोस. येऊ दे तिला. दुपारी दोन ते चार ती बसेल, मी घरी जाऊन झोपेन."

"पण मग मधल्या वेळेत एक्स-रे..."

"शिकवते ना तिला. पगार तू दे, टोमणे मी देते." एवढं बोलून त्यांनी वहीत पुढचं नाव लिहायला घेतलं.