आडव्या बाटलीचं एक मत

आडव्या बाटलीला मत द्यायला मी कुवेतहून येणार, हे आमच्या पिंपळसोंडेत पोराटोरांना माहीत होतं. मी गेले नाही, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. का गेले नाही ते मात्र कुणाला माहीत नाही. सांगते, पण ऐकून मला शहाणी म्हणू नका.

मी शुभदा. वय बावन्न. कुवेतमध्ये मिरकाब भागातल्या एका कंपनीत अकाउंटंट, एकोणीस वर्षं झाली. लग्न राहून गेलं. का, ते विचारणाऱ्याला मी असं काही फटकारते की दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. हवल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. एकीत मी, दुसरीत रत्नागिरीकडची झुलेखा, मधे दोघींचं मिळून एक स्वयंपाकघर. ती शिवणकामाच्या दुकानातून येईपर्यंत माझं जेवण उरकलेलं असतं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून फोनचा आवाज मोठा करून ठेवते, आणि तो मेला दिवसभर वाजत नाही.

रेखा माझ्या पाठची. तिला गावातच दिली, त्यामुळे आई गेल्यावर घर तिच्याकडेच आलं. नवरा जयराम. ट्रॅक्टर दुरुस्तीत त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही, आणि एसटी स्टँडजवळच्या देशी दारूच्या दुकानातही त्याच्याइतकं नेमाचं गिऱ्हाईक नाही. गेल्या दिवाळीत रेखाचा हात मोडला. न्हाणीत घसरले म्हणाली. मी ते खरं मानलं, कारण मला मानायचं होतं.

तर हीच रेखा, जी लहानपणी वर्गात उभं राहून कविता म्हणायलाही घाबरायची, तिनं गावातल्या बायका गोळा केल्या, सह्या घेतल्या, आणि दुकान बंद करण्यासाठी मतदान मंजूर करून आणलं. मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. पण गोम अशी, की जितक्या बायका मत द्यायला आल्या त्यांच्यातल्या निम्म्या चालत नाहीत. यादीत जितक्या बायकांची नावं, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. म्हणजे जी बाई घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीची झाली.

जानेवारीत तिचा फोन आला. "ताई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

असं कुणी म्हटलं की मी आधीच रागावलेली असते.

"मेलेल्या, परगावी गेलेल्या बायकांची नावं आम्ही यादीतनं कमी करतोय. सात नंबरचा फॉर्म असतो. काढून काढून सहाशे बारा उरल्यात. त्यात तुझं नाव आहे. कमी करू का?"

"म्हणजे मी कशात? मेलेल्यांत का गेलेल्यांत?"

"ताई, तसं नाही गं..."

"मग कसं? इथं मी सिव्हिल आयडीच्या कार्डावरचा आकडा आहे, रेखे. लिफ्टमध्ये सहा वर्षं रोज भेटणाऱ्या बाईला माझं नाव माहीत नाही. तिथं यादीत एक ओळ आहे माझी, त्यात वडील म्हणून दादांचं नाव आहे. तीही खोडतेस?" आणि बोलता बोलता मला रडूच फुटलं. एकोणीस वर्षांत फोनवर पहिल्यांदा.

रेखा म्हणाली, "बरं, राहू दे. मग ये तू मतदानाला."

"येते! बघच कशी येते," मी म्हटलं.

मतदान रविवारी होतं, आणि इथं रविवार म्हणजे कामाचा पहिला दिवस. फैसल माझा साहेब, वयानं माझ्याहून बराच लहान. रजेचा अर्ज नेला तर त्यानं विचारलं, उमेदवार कोण? मी म्हटलं, बाटली. त्याला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. मी कागदावर दोन बाटल्या काढून दाखवल्या, एक उभी, एक आडवी. तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. "आमच्याकडे दारूचं दुकानच नाही, त्यामुळे मतही नाही," म्हणाला आणि तीन दिवसांची रजा दिली. म्हणजे साहेब आडवा आला नाही. पैसे होते. विमानं होती.

आडवं आलं ते माझंच डोकं.

"बरं, मग ये." हे काय बोलावणं झालं? आमच्याकडे पाहुण्याच्या पानात पोळी वाढतानासुद्धा तीनदा आग्रह करतात. पहिल्या 'नको'ला कुणी नको समजत नाही, तसं पहिल्या 'ये'ला कुणी ये समजत नाही. आई होती तेव्हा महिनाभर आधीपासून फोनवर फोन करायची, कधी येतेस, काय करून ठेवू. आई गेल्यावर मी एकदाच गेले. सगळे नीट वागले. पण चहा मला पाहुण्यांच्या कपात मिळाला, आणि ते मला जे लागलं ते लागलं. म्हटलं, या खेपेला रेखानं नीट बोलवावं. एकदा तरी म्हणावं, ताई, तुझ्याशिवाय चालायचं नाही.

तिचं आलं ते पत्रक. तारीख, वेळ, प्राथमिक शाळा, आडव्या बाटलीवर शिक्का मारा. गावातल्या सगळ्या बायकांना गेलेलं तेच मला. खाली माझ्यासाठी म्हणून दोन शब्द नाहीत.

"बॅग भरलीस का नाय?" झुलेखानं गुरुवारी विचारलं.

"रेखाचा फोन तर येऊ दे."

"आग्रह करायला तिच्याकडे काय लग्न आहे? दारोदार फिरत असेल बिचारी. जा की!"

"तुला नाही कळायचं ते."

तिला चांगलंच कळत होतं. आणि मलाही. पण एकदा नाक वर केलं की खाली घेणं मला जमत नाही, हे माझं जन्माचं दुखणं आहे.

शुक्रवारी सकाळपासून लॅपटॉपवर तिकिटाचं पान उघडून बसले. शेजारी फोन. दुपारी त्यावर दोन जागा दिसत होत्या. संध्याकाळी एक. मग तीही गेली. मला रेखाचा भयंकर राग आला. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं, की आता माझ्या हातात काही नाही. शनिवारी दुसरी विमानं होती, दुबईवरून, मस्कतवरून. मी ती पाहिलीच नाहीत.

रविवारी ऑफिसात गेले. फैसलनं भुवया उंचावल्या. मी म्हटलं, विमान भरलं होतं. साडेचार वाजता, म्हणजे तिकडे सात वाजता, रेखाचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"ताई, तीनशे सहा."

"अगं मग जिंकलात की! सहाशे बाराच्या निम्म्या..."

"बरोबर निम्म्या. निम्म्याहून जास्त लागतात."

माझा जन्म आकड्यांत गेला, मला वेळ लागला नाही. मी गेले असते तर तीनशे सात. माझं नाव कमी केलं असतं तर यादी सहाशे अकराची, आणि मग तीनशे सहासुद्धा पुरले असते. नाव आहे आणि बाई नाही, एवढ्या एकाच गोष्टीनं त्या हरल्या. आणि नेमकी तीच मी केली होती.

"तू मला एकदा फोन का नाही केलास?" मीच ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा!

"अगं, येते म्हणालीस ना तू? येते म्हणणाऱ्या माणसाला परत परत काय विचारायचं? तुला वाटायचं, हिचा माझ्यावर भरवसा नाही." ती दमून बोलत होती. "पाचपर्यंत शाळेच्या फाटकात उभी होते. मतदानावरचे साहेब म्हणाले, बंद करतो. म्हटलं थांबा, माझी बहीण विमानानं येतीय. दहा मिनिटं थांबले बिचारे."

"रेखे..."

"बायका म्हणत होत्या, ताईंचं नाव काढ. तुझा फॉर्म भरून तयार होता. मी दिला नाही. तू रडली होतीस."

तिच्या मागून फटाक्यांचा आवाज येत होता. दुकानवाल्यांनी मिरवणूक काढली होती.

"मी उद्या येते," मी म्हटलं. "रेखा, ऐकतेस ना? मिळेल त्या विमानानं येते."

"आता कशाला? आता वर्षभर अर्जही करता येत नाही."

तेवढ्यात तिकडे दार धडधडलं. जयरामचा आवाज मी ओळखला. "पुढारीणबाई! निकाल लागला का? दार उघडा!" मागून चार-पाच माणसं हसली.

"उघडू नकोस," मी म्हटलं. "रेखा, दार उघडू नकोस."

"त्यांचंही घर आहे, ताई. किती वेळ बाहेर ठेवू?" ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. परत लावला. तिकडे नुसताच वाजत राहिला. माझा आवाज ऐकून फैसल केबिनमधून बाहेर आला. "काय झालं? कोणती बाटली जिंकली?" त्यानं विचारलं, चांगल्या मनानं विचारलं.

"माझ्या बहिणीला मी हरवलं," मी मराठीतच म्हणाले. त्याला काही कळलं नाही. सगळ्या मजल्यावर कळणारं कुणी नव्हतंच.